पगार आला, पण कोणत्या महिन्याचा?

लेखमाला : म्हातारपणाचा हक्क (भाग 6)

श्रावणबाळ योजनेचा अर्ज तहसील कार्यालयातून मंजुरीपर्यंत कसा जातो, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. मंजुरी मिळाली की घरचे निर्धास्त होतात. खरं लक्ष ठेवावं लागतं ते त्यानंतर.

गावाकडे या पैशांना ‘पगार’ म्हणतात आणि बँकेच्या दारात प्रश्न ठरलेला असतो, ‘पगार आला का?’ ‘आला’ म्हटलं की विषय मिटतो. पण पासबुकात पैसे जमा झाल्याची तारीख असते. ते कोणत्या महिन्याचे, हे बहुतेक वेळा नसतं. हक्क मात्र महिन्यांचा आहे. तीन महिने काहीच आलं नाही आणि मग एकदम 3,000 पडले, तर एवढी रक्कम पाहूनच जीव भांड्यात पडतो. तीन महिन्यांचे 4,500 व्हायला हवे होते, हा हिशेब कुणी करत नाही.

म्हणून एक वही करावी. महिना, राज्याचे पैसे, केंद्राचे पैसे आणि जमा झाल्याची तारीख, असे चार रकाने. पासबुक भरून आणलं की नातवाकडून ती लिहून घ्यावी. जो रकाना दोन-तीन महिने कोरा राहील, तिथे चौकशी करायची.

राज्य आणि केंद्र असे वेगळे रकाने कशाला? जुलै 2023 मध्ये दरमहाची रक्कम 1,000 वरून 1,500 झाली, पण सगळ्यांना ती एकाच तिजोरीतून येत नाही. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असलेल्या पासष्टीपुढच्या माणसाला इंदिरा गांधी योजनेतून केंद्राचे 200 आणि श्रावणबाळमधून राज्याचे 1,300 मिळतात. यादीत नाव नाही, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 च्या आत आहे, अशांना पूर्ण 1,500 राज्य देतं. त्यामुळे पहिल्या गटातल्या आजोबांच्या खात्यात 1,300 दिसले तर कुणी पैसे खाल्ले असं लगेच समजू नये. 200 वेगळ्या तारखेला पडू शकतात. उलट, ते 200 कित्येक महिने आलेच नाहीत तरी कुणाच्या ध्यानात येत नाही, कारण मोठा आकडा दिसत असतो. (केंद्राचा हा वाटा वर्षानुवर्षं 200 वरच अडकला आहे. त्यात महिन्याचं गोडं तेलसुद्धा येत नाही.) ऐंशी पूर्ण झाल्यावर तो 500 होतो, पण राज्याचा वाटा तेवढाच घटतो आणि बेरीज 1,500 च राहते. तेव्हा ऐंशीनंतर रक्कम वाढली नाही म्हणून तहसीलला हेलपाटा घालू नये.

पैसे अजिबातच दिसत नसतील, तर आधी खातं तपासावं. आता अनुदान थेट आधारच्या आधारे जमा होतं आणि ते जातं आधारशी सर्वांत शेवटी जोडलेल्या खात्यात. मधल्या काळात दुसऱ्या बँकेत नवं खातं उघडलं, तिथे आधारच्या फॉर्मवर अंगठा दिला आणि विसरून गेले, असं सर्रास होतं. जुनं पासबुक कोरं राहतं, पैसे मात्र त्या विसरलेल्या खात्यात साठत असतात. आधार सध्या कोणत्या बँकेशी जोडलेलं आहे, ते आधारच्या संकेतस्थळावर दिसतं. मात्र त्यासाठी आधारला जोडलेला मोबाईल जवळ लागतो.

आजींच्या बाबतीत आणखी एक घोळ होतो. लाडक्या बहिणीचेही 1,500 आणि श्रावणबाळचेही 1,500. पासष्ट पूर्ण झाली की लाडकी बहीण थांबते. श्रावणबाळ आपोआप सुरू होत नाही, त्याचा अर्ज वेगळा करावा लागतो. पैसे बंद झाले की घरचे म्हणतात, ‘अडकले असतील कुठेतरी, येतील.’ अर्जच केलेला नसेल तर येणार कुठून?

पैसे जमा झाले, पण हातात कमी आले, हा प्रकार निराळा. अंगठा लावून पैसे काढताना ‘मॅच होत नाही, परत लावा’ असं सांगितलं जातं. उन्हातान्हात राबलेल्या बोटांच्या रेषा झिजतात, त्यामुळे ते खरंही असतं. पण प्रत्येक वेळी अंगठा लागला की पावती मागावी, व्यवहार फसला असेल तर फसल्याची. पावतीवर काढलेली रक्कम आणि शिल्लक दोन्ही असतात. पुढच्या वेळी पासबुक भरल्यावर ती पावती ताडून पाहावी. सत्तरीच्या माणसाच्या खात्यातून 436 रुपये कापलेले दिसले, तर बँकेला जाब विचारावा; तो जीवन ज्योती विम्याचा हप्ता आहे आणि त्या विम्याचं संरक्षण पंचावन्नालाच संपतं.

तहसीलमध्ये श्रावणबाळचंही काम पाहणाऱ्या संजय गांधी योजनेच्या शाखेत जाताना तोंडी गाऱ्हाणं नेऊ नये. ‘पैसे येत नाहीत’ याला उत्तर ‘येतील’ एवढंच मिळतं. अर्जात लिहावं, ‘अमुक आणि अमुक महिन्यांचा राज्याचा हिस्सा जमा नाही’. सोबत आधारची आणि पासबुकाच्या त्या पानांची झेरॉक्स जोडावी आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्यावी. महिना नेमका सांगितला की कारकुनालाही तो यादीत शोधता येतो, आणि कारण हयातीचा दाखला न दिल्याचं निघालं तर ते तिथेच कळतं. त्या दाखल्याबद्दल पुढच्या भागात.