व्यंजनाकडून स्वराकडे

‘दिवा’ आणि ‘दुवा’ हे दोन शब्द लिहिताना आरंभी एकच वर्ण येतो. वेलांटी आणि उकार एवढाच काय तो फरक. कागदावर ‘द’ जसाच्या तसा राहतो आणि स्वराचे चिन्ह त्याच्या बाजूला, वर किंवा खाली जोडले जाते. त्यामुळे बोलतानाही असेच घडत असावे, आधी व्यंजन पुरे होते आणि मग त्याला स्वर येऊन मिळतो, असा सर्वसाधारण समज असतो. हा समज तपासून पाहणे सोपे आहे. आरशासमोर उभे राहून ‘दिवा’ म्हणण्यास सुरुवात करावी, पण जीभ दातांना टेकताच थांबावे. नंतर ‘दुवा’ म्हणतानाही तसेच करावे. पहिल्या वेळी ओठ पसरलेले दिसतात. दुसऱ्या वेळी ते गोल होऊन पुढे आलेले असतात. आवाज अद्याप फुटलेला नाही, व्यंजनही सुटलेले नाही, तरी पुढे यायचा स्वर ओठांवर आधीच येऊन उभा राहिला आहे.

‘किल्ला’ आणि ‘कुलूप’ या शब्दांत हाच प्रकार जिभेच्या बाबतीत घडतो. ‘कि’ उच्चारताना जिभेची पाठ टाळूला बरीच पुढे टेकते, तर ‘कु’ उच्चारताना ती मागे घशाजवळ टेकते. म्हणजे ‘क’ हा वर्ण एक असला तरी त्याची जागा पुढच्या स्वराप्रमाणे सरकते. ऐकणाऱ्याला मात्र दोन्हीकडे एकच ‘क’ ऐकू येतो.

असे का होते, याचे कारण शरीराच्या रचनेत आहे. जीभ, ओठ आणि खालचा जबडा यांना वजन आहे. ते एका जागेवरून दुसऱ्या जागी क्षणात उडी मारू शकत नाहीत. सहज बोलताना माणूस एका सेकंदात दहा ते पंधरा ध्वनी उच्चारतो. प्रत्येक ध्वनी आधीचा ध्वनी संपण्याची वाट पाहत राहिला असता, तर हा वेग कधीच साधला नसता. म्हणून जीभ एका ध्वनीचे काम करीत असतानाच ओठ पुढच्या ध्वनीची तयारी करतात. या मिळून होणाऱ्या हालचालींना स्वनविज्ञानात ‘सहोच्चारण’ म्हणतात. व्यंजनाचा अडथळा सुटल्यापासून मुखातील अवयव स्वराच्या जागी पोचेपर्यंतचा जो वाटचालीचा काळ, त्याला ‘संक्रमण’ असे नाव आहे. ‘द’, ‘ब’, ‘ग’ अशा व्यंजनांनंतर तो साधारणपणे सेकंदाचा विसावा भाग असतो. पापणी लवायला याहून अधिक वेळ लागतो.

इतक्या अल्प काळाला महत्त्व ते काय, असे वाटणे स्वाभाविक आहे. शास्त्रज्ञांनाही त्याचे महत्त्व एका अपयशातूनच कळले. दुसऱ्या महायुद्धात अनेक सैनिकांनी डोळे गमावले. त्यांना छापील पुस्तके वाचता यावीत म्हणून अमेरिकेतील हॅस्किन्स प्रयोगशाळेने १९४४ साली वाचनयंत्राचे काम हाती घेतले. कल्पना अगदी सरळ होती. यंत्राने एकेक अक्षर ओळखावे आणि प्रत्येक अक्षरासाठी ठरलेला एक सूर काढावा. सैनिकाने ते सूर शिकून घ्यावेत आणि कानांनी पुस्तक वाचावे. माळेत मणी ओवावेत तसे बोलण्यात ध्वनी ओवलेले असतात, या समजुतीवरच ही योजना उभी होती. प्रत्यक्षात सूर सावकाश वाजवले तर शब्द लागण्यास फार वेळ जाई, आणि वेग वाढवला की ते एकमेकांत मिसळून नुसती गुणगुण उरे. अनेक प्रकारचे सूर करून पाहिले, तरी बोलण्याच्या वेगाच्या जवळपासही कोणी पोचेना. तेच कान सेकंदाला पंधरा ध्वनींचे बोलणे मात्र विनासायास समजून घेत होते. तेव्हा बोलण्यात मण्यांच्या माळेपेक्षा वेगळे असे काय आहे, हा प्रश्न पुढे आला. आल्व्हिन लिबरमन आणि फ्रँक्लिन कूपर यांनी पुढची अनेक वर्षे या प्रश्नाला दिली.

त्यांचे प्रयोग समजण्यासाठी घागरीचे उदाहरण उपयोगी पडेल. नळाखाली लावलेली घागर भरत आली की तिचा आवाज चढत जातो, आणि न पाहताही घरातले माणूस नळ बंद करायला उठते. आतील पोकळी जसजशी लहान होते, तसतसा तिचा घुमणारा सूर उंच होतो. घसा आणि तोंड मिळून अशीच एक पोकळी होते. तिचा आकार जीभ व ओठ सतत बदलत असतात आणि त्याबरोबर तिचे घुमणारे सूरही बदलतात. असे सूर एकाच वेळी अनेक असतात. त्यांपैकी खालून दुसरा सूर मुख्यतः जीभ पुढे आहे की मागे, यावर अवलंबून असतो. ‘ई’ म्हणताना तो पुष्कळ उंच असतो, तर ‘ऊ’ म्हणताना खाली उतरतो. आवाजाचे चित्र काढणारे यंत्र त्या काळात नुकतेच तयार झाले होते आणि त्या चित्रात हे सूर काळ्या पट्ट्यांसारखे दिसत. कूपर यांनी नेमके उलट काम करणारे यंत्र बनवले. पारदर्शक पट्टीवर रंगाने अशा रेघा काढायच्या आणि यंत्राने त्यांचा आवाज करून ऐकवायचा. तो आवाज एकसुरी होता खरा, पण हवी ती रेघ ठेवता येई आणि नको ती पुसता येई. खऱ्या माणसाच्या आवाजात हे शक्य नव्हते.

आता रेघांतून ‘दी’ आणि ‘दू’ तयार करण्यात आले. (इंग्रजीतील हे व्यंजन हिरड्यांवर जीभ टेकवून उच्चारले जाते. मराठी ‘द’ दातांवरचा आहे. तत्त्व मात्र दोहोंना सारखेच लागू पडते.) ‘दी’ ऐकू येण्यासाठी दुसरा सूर सुमारे २२०० हर्ट्‌झपासून २६०० पर्यंत चढवावा लागला. ‘दू’साठी तो १२०० पासून ७०० पर्यंत उतरवावा लागला. एकीकडे चढ आणि दुसरीकडे उतार, आणि दोहोंच्या आरंभी माणसाला ऐकू येते ते एकच व्यंजन. तेवढाच तुकडा वेगळा काढून ऐकवला, तर त्यात कोणतेही व्यंजन सापडत नाही. एक शीळ चढत जाते, दुसरी उतरत जाते, इतकेच. ध्वनिफितीचा तुकडा कितीही बारीक कापला तरी नुसता ‘द्’ हाती लागेना. तुकड्यात काही ऐकू आलेच, तर त्यात स्वर मिसळलेला असे, नाहीतर ती केवळ शीळ असे.

१९५२ साली प्रसिद्ध झालेला एक निष्कर्ष याहूनही चकित करणारा होता. सुमारे १४४० हर्ट्‌झचा एक क्षणिक स्फोट ‘ई’ किंवा ‘ऊ’ या स्वरांपुढे जोडला असता लोकांना ‘प’ ऐकू आला. तोच स्फोट ‘आ’ या स्वरापुढे जोडला, तर ‘क’ ऐकू आला. आवाज एक आणि व्यंजने दोन. कान तो स्फोट एकटा ऐकतच नाही. पुढच्या स्वराशी त्याचे जे नाते, त्यावरून तोंडात काय घडले असावे हे तो ओळखतो.

संक्रमणाच्या वेगालाही अर्थ असतो. ‘बे’ या अक्षरातील संक्रमण थोडे लांबवले की ‘वे’ ऐकू येते. आणखी लांबवले की व्यंजन नाहीसे होते आणि ‘उए’ असे दोन स्वर एकात एक विरघळल्यासारखे ऐकू येतात. ‘ब’ आणि ‘व’ यांच्यातले अंतर सेकंदाच्या शतांशांत मोजावे लागते.

मणी आणि माळेची समजूत अशा रीतीने मोडली. पहिल्या प्रयत्नानंतर तीस-बत्तीस वर्षांनी, १९७६ साली, रे कर्झवाइल यांचे अंधांसाठीचे वाचनयंत्र पुढे आले. ते अक्षरांचे सूर वाजवत नव्हते, तर छापील मजकूर वाचून पूर्ण शब्द बोलत होते. बोलणारी यंत्रे बनवणाऱ्यांनी त्यानंतर बराच काळ एक पथ्य पाळले. माणसाच्या आवाजाचे तुकडे जोडताना कात्री व्यंजन आणि स्वर यांच्या सांध्यावर चालवायची नाही. ती स्वराच्या मध्यावर चालवायची, म्हणजे सांधा अखंड राहतो.

मराठीपुरते बोलायचे, तर या संशोधनात तिचाही वाटा आहे. १९६४ साली ली लिस्कर आणि आर्थर अब्रॅमसन यांनी अकरा भाषांतील व्यंजने मोजली. त्यांत हिंदी, तमिळ यांच्याबरोबर मराठीही होती. अडथळा सुटणे आणि स्वरतंत्री कंप पावू लागणे, या दोन घटनांमध्ये किती काळ जातो ते त्यांनी पाहिले. ‘कार’, ‘खार’ आणि ‘गार’ हे शब्द एवढ्या मापाने वेगळे करता येतात. ‘ग’मध्ये कंपन अडथळा सुटण्याआधीच सुरू होते, ‘क’मध्ये जवळजवळ त्याच क्षणी, तर ‘ख’मध्ये बऱ्याच उशिरा. ‘घार’ मात्र या मापात बसेना. ‘घ’मध्येही कंपन ‘ग’प्रमाणेच आधी सुरू होते. त्याचे महाप्राणत्व अडथळा सुटल्यावर, पुढच्या स्वराच्या आरंभी येणाऱ्या श्वासमिश्रित आवाजात असते. ‘घार’मधला ‘घ’ अशा रीतीने ‘आ’च्या दारात उभा असतो.

मराठीत ‘ण’ आणि ‘ळ’ यांनी शब्दाचा आरंभ होत नाही, हेही या ठिकाणी आठवते. ‘मन’ आणि ‘मण’, ‘बाल’ आणि ‘बाळ’ हे शब्द सावकाश म्हणून पाहावेत. जिभेचे टोक मागे वळते ते आधीचा स्वर चालू असतानाच, आणि सुटताना ते पुढे झेपावते. त्यामुळे या व्यंजनांची ओळख पटवणारा मोठा भाग त्यांच्या मागच्या स्वरात असतो. शब्दाच्या आरंभी असा स्वर नसतो. ‘पाक’, ‘पाट’, ‘पात’, ‘पाप’ या शब्दांत शेवटचे व्यंजन तोंडातच अडवून धरले, तरी ‘आ’ कसा संपला यावरून बहुधा शब्द ओळखता येतो.

ही ओळख जितकी झटपट, तितकीच नाजूकही असते. गोंगाटात ‘ब’ आणि ‘ग’, ‘प’ आणि ‘त’ यांची गल्लत लवकर होते, कारण गोंगाट प्रथम हेच चढउतार झाकून टाकतो. वयोमानाने उंच सूर ऐकू येईनासे झालेली माणसे ‘आवाज येतो, पण शब्द कळत नाही’ अशी तक्रार करतात. घरच्यांना ती हट्टीपणाची वाटते. वास्तविक ती अक्षरशः खरी असते. ठळक स्वर कानात पोचतात आणि व्यंजने ओळखवणारे सूक्ष्म चढउतार वाटेतच हरवतात. अशा वेळी ओरडून बोलण्यापेक्षा समोर बसून, ओठ दिसतील असे, जरा सावकाश बोलणे अधिक उपयोगी पडते.

व्यंजन एकटे ऐकू येत नाही, हे भारतीय वैयाकरणांना फार पूर्वी जाणवले होते. पतंजलीने स्वरांना स्वयंप्रकाशी मानले आणि व्यंजने त्यांच्या मागून जाणारी मानली. देवनागरीची घडणही याला धरूनच आहे. ‘क’ म्हटले की त्यात ‘अ’ असतोच. तो काढायचा तर पाय मोडावा लागतो. बाराखडीत ‘का’, ‘कि’, ‘कू’ ही उच्चारातील एकसंध अक्षरे म्हणूनच पाठ होतात. त्यांचे ‘क् + आ’ असे पृथक्करण नंतर येते, आणि मोठेपणी लिहायला-वाचायला शिकणाऱ्या अनेकांना ते अवघड जाते. ‘क्’ कुठे संपला आणि ‘आ’ कुठे सुरू झाला, हे त्यांना ऐकू येत नाही. ते कोणालाच ऐकू येत नाही, कारण तशी सीमारेषा आवाजात नसते.

१९७९ साली जोसे मोराइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोर्तुगालमधील प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शब्दाच्या आरंभी एक ध्वनी जोडायचा किंवा आरंभीचा ध्वनी काढून टाकायचा, एवढेच काम त्यांना दिले होते. ज्यांनी कधी वाचन शिकले नव्हते, त्यांना ते जवळजवळ जमले नाही. त्याच प्रकारच्या वस्तीतील, पण मोठेपणी साक्षर झालेल्या बहुतेकांना मात्र ते जमले.