आन्नेनकिर्खेतलं ‘स्पार्ताक’

सेंट पीटर्सबर्गच्या फुर्श्तात्स्काया रस्त्यावर एका इमारतीचा अर्धगोलाकार दर्शनी भाग नजरेत भरतो. आयोनिक धाटणीचे उंच खांब आणि त्यांच्यावर घुमट. पलीकडची बाजू किरोचनाया रस्त्याला लागते. हे संत ॲनाचं ल्यूथरन चर्च, म्हणजे आन्नेनकिर्खे. पण लेनिनग्राडमध्ये, म्हणजे सोव्हिएत काळातल्या याच शहरात, सिनेमे बघत वाढलेल्या पिढीसाठी ही वास्तू म्हणजे ‘स्पार्ताक’ टॉकीज.

या भागात तोफा ओतण्याचा सरकारी कारखाना होता. तिथल्या जर्मन कारागिरांभोवती इथली ल्यूथरन वस्ती वाढली. 1775 ते 1779 या काळात युरी फेल्टेन या वास्तुविशारदाने त्यांच्यासाठी हे दगडविटांचं चर्च बांधलं. समर गार्डनचं प्रसिद्ध लोखंडी कुंपण आणि चेस्मे चर्च ही फेल्टेनचीच कामं. चर्चला लागून शाळा होती. रत्नकार कार्ल फाबेर्झे तिथेच शिकले. पुढे 1947 मध्ये, शाळा सरकारी झाल्यावर, योसिफ ब्रॉडस्की हा भावी कवी त्याच इमारतीत पहिलीत बसला.

1930 च्या दशकात सोव्हिएत सरकारने प्रार्थनास्थळांना एकामागून एक टाळं ठोकलं. कझान कॅथीड्रलमध्ये धर्मविरोधी संग्रहालय थाटलं. नेव्हस्की रस्त्यावरच्या संत पीटरच्या ल्यूथरन चर्चमध्ये पुढे चक्क पोहण्याचा तलाव झाला. आन्नेनकिर्खे 1935 मध्ये बंद पडलं आणि 1939 मध्ये तिथे ‘स्पार्ताक’ सुरू झालं. आतल्या बदलांचं काम गेगेल्लो आणि क्रिचेव्हस्की या वास्तुविशारदांकडे होतं. शहरातलं ‘गिगांत’ हे प्रचंड चित्रपटगृह याच जोडीने उभारलं होतं.

चर्चचं टॉकीज करणं वरवर पाहता सोपं. लांब दालन, उंच छत, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. खरी अडचण उजेडाची आणि आवाजाची. चर्चला मोठ्या खिडक्या लागतात, सिनेमाला मिट्ट काळोख. ऑर्गनचा सूर उंच छताखाली घुमला तर तो अधिकच भारदस्त वाटतो. पडद्यावरचा संवाद घुमला तर शब्दच कळत नाही. म्हणून अशा वास्तूत प्रोजेक्टर आणि खुर्च्या आणून बसवल्या की काम झालं, असं होत नाही. आतून ती जवळजवळ नव्याने बांधावी लागते.

‘स्पार्ताक’चं नाव झालं ते जुन्या चित्रपटांमुळे. सोव्हिएत संघाचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, गोस्फिल्मोफोंद, 1948 मध्ये मॉस्कोजवळ उभं राहिलं. पुण्यातल्या आपल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या सोळा वर्षं आधी. त्या संग्रहातल्या प्रिंट ‘स्पार्ताक’मध्ये लागत. व्हिडिओ घरात येण्याआधीच्या त्या काळात एखादा जुना परदेशी सिनेमा हुकला, तर तो पुन्हा कधी बघायला मिळेल याचा नेम नसे. त्यामुळे या टॉकीजचं मोल फार होतं. ज्या दालनातून लोकांना सक्तीने बाहेर काढलं, त्याच दालनात दुसऱ्या पिढीने जगाकडे बघायची खिडकी शोधली. चर्चवर झालेला अन्याय त्याने पुसला जात नाही. पण ती वर्षं म्हणजे निव्वळ विटंबना, असंही मला म्हणवत नाही.

1992 पासून इथे पुन्हा उपासना सुरू झाली. काही काळ प्रार्थना आणि सिनेमा एकाच छपराखाली नांदले. नंतर रॉक संगीताचा क्लब आला. डिसेंबर 2002 मध्ये एका रात्री आग लागली आणि आतलं सगळं जळून गेलं. टॉकीजसाठी केलेली बांधणी गेली आणि मूळ भिंती उघड्या पडल्या. चर्चच्या जुन्या विटा आणि त्यांच्यावर काजळीचा थर.

बाहेरचा भाग दुरुस्त झाला, इमारत उपासकांच्या हाती आली. आतल्या काळवंडलेल्या भिंतींना मात्र घाईने गिलावा झाला नाही. त्या भिंतींच्या साक्षीनेच प्रार्थना होऊ लागल्या, मैफली आणि प्रदर्शनंही भरू लागली. पैशांची चणचण हे त्यामागचं एक कारण असेलही, तरी मला हा निर्णय मनापासून पटतो. रंगरंगोटी करून 1779 चं चर्च जसंच्या तसं उभं केलं असतं, तर मधला सगळा काळ आपण हाताने खोडून टाकला असता.

पीटर्सबर्गला जाणं झालं तर हर्मिटाज संग्रहालयातून वेळ काढून एक संध्याकाळ इथे या. चेर्निशेव्हस्काया मेट्रो स्थानकापासून आन्नेनकिर्खे चालत जाण्याइतकं जवळ आहे. पत्ता किरोचनाया, 8.