ब्रिटिश राजमुकुट : एक शब्द, अनेक अर्थ

- राज्याभिषेकाचा : सेंट एडवर्ड मुकुट, 1661. भरीव सोन्याचा, वजन दोन किलोंहून अधिक. राज्याभिषेकाच्या विधीपुरताच डोक्यावर चढतो. संसदेच्या उद्घाटनाला इम्पीरिअल स्टेट मुकुट.
- दिल्लीचा : राज्याभिषेकाचा मुकुट देशाबाहेर नेता येत नाही. म्हणून 1911 च्या दरबारासाठी पंचम जॉर्जचा वेगळा मुकुट घडवला. खर्च मात्र भारताच्या तिजोरीतून. वापरला एकदाच. आज तो टॉवर ऑफ लंडनमध्ये.
- कोहिनूर : राजाच्या नव्हे, 1937 च्या राणीच्या मुकुटात. 2023 च्या राज्याभिषेकात वापरला नाही.
- कायद्यातला : ‘क्राउन’ म्हणजे राजसत्ता. 1858 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीकडून भारताचा कारभार तिच्याकडे गेला.
- खिशातला : क्राउन हे नाणे, 1971 पर्यंत पाच शिलिंगांचे, म्हणजे पाव पौंड.