प्रशिक्षकाचे 'टॅक्टिकल': एक नाव, दोन आकडे

'फुटबॉल मॅनेजर' या संगणकीय खेळात प्रशिक्षकाचे पान उघडले की डावपेचांशी थेट नाते सांगणारे दोन आकडे दिसतात. एक 'टॅक्टिकल' आणि दुसरा 'टॅक्टिकल नॉलेज'. दोन्ही 1 ते 20 या मापातले. हा खेळ मराठीत उपलब्ध नाही, त्यामुळे नावे इंग्रजीतच वाचावी लागतात, आणि ती इतकी सारखी आहेत की पहिला आकडा मोठा दिसला की माणूस डावपेचांत तरबेज आहे असे समजून करार केला जातो. बहुतेक गैरसमज इथूनच सुरू होतात.

पहिला आकडा शिकवण्याचा आहे. सरावाच्या मैदानावर डावपेच फुटबॉलपटूंच्या अंगवळणी पाडण्याची हातोटी तो मोजतो. खेळातील सराव विभागलेला असतो; इथे महत्त्वाचे विभाग तीन: आक्रमण, बचाव आणि चेंडूचा ताबा, आणि या प्रत्येकाचे तांत्रिक व डावपेचात्मक असे दोन भाग. आक्रमणाच्या डावपेचात्मक भागात चेंडू पायाशी नसताना करायची हालचाल येते, तर बचावाच्या भागात योग्य जागा धरून उभे राहणे येते. या डावपेचात्मक भागांत प्रशिक्षकाचा 'टॅक्टिकल' कामी येतो, पण कधीच एकटा येत नाही. आक्रमणात त्याच्या जोडीला 'अटॅकिंग' लागते, बचावात 'डिफेंडिंग', आणि ताब्याच्या भागात 'मेंटल'. शिवाय जिद्द, शिस्त आणि प्रेरणा देण्याची क्षमता हे तीन गुण प्रत्येक विभागात हिशेबात धरले जातात. या सगळ्यांतून मिळून प्रशिक्षकापुढे तारे उमटतात, जास्तीत जास्त पाच.

म्हणून 'टॅक्टिकल' 18 आणि 'अटॅकिंग' 7 असलेला माणूस आक्रमणाच्या सरावाला चांगलाच असेल, असे धरून चालता येत नाही. दोन्हीकडे 14 असलेला, शिवाय शिस्तीचा आणि जिद्दीचा सहकारी त्याला मागे टाकू शकतो. एकच मोठा आकडा पाहून पगार ठरवणे ही या खेळातली सर्वांत महागडी सवय असावी. त्यातच एका प्रशिक्षकावर चार-पाच विभाग लादले की कामाचा भार वाढतो आणि सरावाचा दर्जा घसरतो. तेव्हा 20 आकड्याचाही उपयोग मर्यादित राहतो.

दुसरा आकडा, 'टॅक्टिकल नॉलेज', शिकवण्याचा नाही, जाणण्याचा आहे. प्रतिस्पर्धी कसा खेळतो, त्याची कुठली बाजू कच्ची आहे, आपल्या संघाला कुठली रचना शोभेल, हे ओळखून मॅनेजरला सांगणे हे त्याचे काम. सरावाच्या ताऱ्यांत तो मोजला जात नाही. म्हणूनच साहाय्यक मॅनेजर निवडताना हा आकडा आधी पाहायचा असतो, कारण सामन्याआधीचा सल्ला त्याच्याकडून येतो आणि मॅनेजरने सामना सोपवला तर संघही तोच उभा करतो.

हे दोन गुण वेगळे का ठेवले, ते प्रत्यक्ष फुटबॉलमध्ये अधिक स्पष्ट दिसते. इंडियन सुपर लीगमधल्या एफसी गोवाने 2020 च्या जानेवारीअखेर मुख्य प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांना हटवले. साखळीतले तीनच सामने उरले होते. जबाबदारी साहाय्यक क्लिफर्ड मिरांडा यांच्यावर आली, आणि तांत्रिक संचालक डेरिक परेरा पाठीशी होते. उरलेले तिन्ही सामने गोव्याने जिंकले, शेवटचा जमशेदपूरमध्ये 5-0. साखळीत पहिले आल्याने एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत पोहोचणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. मिरांडा यांच्यापुढे नवे काही शिकवण्याइतका वेळ नव्हता. लोबेरांनी पास आणि चेंडूचा ताबा यांवर घडवलेला संघ समजून घेऊन तो न विस्कटता चालवायचा होता. खेळाच्या भाषेत ही 'टॅक्टिकल नॉलेज'ची परीक्षा म्हणावी लागेल. (उपांत्य फेरीत चेन्नईयिनकडून एकूण 5-6 अशी हार झाली, त्यामुळे त्या आठवड्यांना परीकथा म्हणता येत नाही.)

साहाय्यकाचा आकडा मोठा म्हणजे त्याचा सल्ला बरोबरच, ही समजूतही टिकत नाही. प्रत्येक प्रशिक्षकाची आवडती रचना, धाडसाचे किंवा सावधगिरीचे माप, दबाव टाकण्याची पद्धत आणि खेळाची शैली त्याच्या पानावर लिहिलेली असते. 4-3-3 चा भक्त 3-5-2 खेळणाऱ्या मॅनेजरला जे सुचवेल, त्यात जाणकारीइतकीच आवडही असते. मॅनेजरची पद्धत आणि साहाय्यकाची आवड जुळत असेल, तर आकडा एक-दोनने कमी असलेला माणूसही उपयोगी पडतो. जुळत नसेल, तर हुशार साहाय्यक दर सामन्यात उलट दिशेचा सल्ला देत राहतो. खेळणारे मग त्याला मूर्ख ठरवतात, पण दोष निवडीचा असतो.

'टॅक्टिकल' 20 असलेला प्रशिक्षक बाकावर बसला की संघ सामन्यात अधिक हुशार खेळतो, असेही अनेकांना वाटते. तसे घडत नाही. सामन्यात मॅनेजरने दिलेली रचना आणि सूचना चालतात, आणि मैदानावरच्या फुटबॉलपटूंचे स्वतःचे गुण चालतात. प्रशिक्षकाचा आकडा तिथे पोहोचतो तो सरावातून, महिनोन्महिने, फुटबॉलपटूंच्या गुणांत हळूहळू होणाऱ्या वाढीच्या रूपाने. करारानंतरच्या पहिल्याच शनिवारी फरक शोधणे व्यर्थ आहे.

बाकीच्या पदांचा हिशेब लहान आहे. विश्लेषकाला माहितीच्या विश्लेषणाचा गुण आणि 'टॅक्टिकल नॉलेज' लागते. पुढच्या प्रतिस्पर्ध्याची पाहणी करणाऱ्या स्काउटला हे ज्ञान उपयोगी, पण फुटबॉलपटू हेरताना त्याची पारख महत्त्वाची. फिजिओच्या पानावरचे डावपेचांचे आकडे खुशाल दुर्लक्षावेत.

उरतो प्रश्न या आकड्यांच्या सत्यतेचा. ते कोणत्याही परीक्षेतून आलेले नसतात. स्पोर्ट्स इंटरॅक्टिव्ह ही खेळ बनवणारी कंपनी जगभरच्या स्थानिक संशोधकांकडून माहिती गोळा करते, म्हणजे शेवटी तो माणसांनी केलेला अंदाज असतो. जिथे सामने सतत दाखवले जातात तिथे अंदाज नेमका, आणि जिथे कोणी फारसे पाहत नाही तिथे ढोबळ. भारतीय प्रशिक्षकांच्या बाबतीत वस्तुस्थिती अंदाजाच्या पुढे निघून जाण्याचा धोका विशेष असतो. खालिद जमील यांनी मुंबई एफसीला वर्षानुवर्षे तुटपुंज्या साधनांवर आय-लीगमध्ये टिकवून ठेवले. त्यानंतर 2016-17 मध्ये, गोव्याच्या क्लबांनी माघार घेतल्यामुळे लीगमध्ये परत घेतल्या गेलेल्या ऐझॉलला त्यांनी थेट विजेतेपद मिळवून दिले. असा निकाल आधीच्या आकड्यांत कोणी लिहून ठेवणे कठीण होते.

आकडे दर आवृत्तीत दुरुस्त होतात. मात्र 2025 ची आवृत्ती त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत रद्द झाली आणि पुढची नोव्हेंबरमध्ये आली. मधल्या काळात, ऑगस्ट 2025 मध्ये, जमील भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. 2024 ची आवृत्ती खेळत राहिलेल्यांच्या पडद्यावर मात्र भारतीय संघाची सूत्रे दुसऱ्याच कोणाकडे होती.