सही ज्याची त्याने करायची

मोटरमन जिथे ड्युटीवर हजर होतात त्या कल्याणच्या लॉबीत ‘एलआर’ हा शब्द सारखा कानावर पडतो. लर्निंग रोड. मोटरमनला नवा मार्ग मिळाला की आधी जाणत्या मोटरमनबरोबर कॅबमध्ये उभं राहून त्या मार्गाच्या फेऱ्या करायच्या, दिवसाच्या आणि रात्रीच्याही. कुठला सिग्नल वळणाआड लपतो, कुठला शेजारच्या लाइनचा असूनही आपलाच वाटतो, पावसात ब्रेक कुठून धरायचा, हे डोळ्यांनी टिपायचं. बरेच जण ते खिशातल्या डायरीत उतरवतात. मग सही करायची: हा मार्ग मला माहीत आहे. ती सही साहेब करत नाहीत, ज्याची त्याने करायची असते. मनात शंका असेल तर ‘अजून फेऱ्या द्या’ म्हणायचं. असं म्हणणारा माणूस मला सगळ्यांत भरवशाचा वाटतो. काही महिने त्या मार्गावर गाडी नेली नाही, तर जुन्यालाही पुन्हा एलआर करावी लागते.

फेब्रुवारी 2022 मधला 72 तासांचा मेगाब्लॉक डोंबिवलीकरांना आठवतो तो रद्द झालेल्या गाड्यांमुळे. कॅबमध्ये मात्र वेगळीच परीक्षा होती. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली आणि 1916 सालचा पारसिक बोगदा मेल-एक्स्प्रेसकडे गेला. जलद लोकल मुंब्र्याच्या बाजूच्या नव्या रुळांवर आल्या. ज्यांनी वर्षानुवर्षं बोगद्यातून गाड्या काढल्या, त्या सीनियर मंडळींनाही हा तुकडा नव्याने शिकावा लागला.

त्याआधी वीजच बदलली होती. मुख्य मार्गावरचा 1,500 व्होल्टचा डीसी प्रवाह टप्प्याटप्प्याने जाऊन 2015 पर्यंत सीएसएमटीपर्यंत 25,000 व्होल्टचा एसी आला. त्याबरोबर न्यूट्रल सेक्शन आले. तिथे तारेत वीज नसते. आधीच सर्किट ब्रेकर उघडायचा, अंगच्या वेगावर तेवढा भाग पार करायचा, मग पुन्हा वीज घ्यायची. हे वर्गात समजतं, पण हाताला वळण कॅबमध्येच लागतं.

असं नव्याने शिकत राहण्याचा विषय निघाला की रेल्वेचालक सुरेखा यादव यांचं नाव घ्यायलाच हवं. त्या मूळच्या साताऱ्याच्या; कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनात विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेतलेल्या. मनात होतं शिक्षिका व्हायचं. रेल्वेच्या परीक्षेला गेल्या, तर उमेदवारांत बाई एकट्या त्याच! कल्याणच्या प्रशिक्षण शाळेतून त्या 1989 साली सहायक चालक झाल्या. मालगाडी झाली, 2000 साली लेडीज स्पेशल लोकल झाली, मग घाट. तिथे 37 फुटांना एक फूट चढ आणि मागून बँकर इंजिनांचा रेटा. 8 मार्च 2011 रोजी त्यांनी पुण्याहून डेक्कन क्वीन मुंबईला आणली. कल्याणच्या केंद्रात त्यांनी चालकांना शिकवलंही. शिक्षिका व्हायचं राहिलं नाही म्हणायचं.

शिकवून झालं म्हणून त्यांचं स्वतःचं शिकणं थांबलं नाही. 13 मार्च 2023 रोजी, वयाच्या 57व्या वर्षी, त्यांनी सोलापूरहून वंदे भारत सीएसएमटीला आणली. या गाडीला घाटात बँकर लागत नाही. म्हणजे पाठ झालेल्या घाटातसुद्धा गाडी नव्याने समजून घेणं आलंच. सप्टेंबर 2025 मध्ये त्या निवृत्त झाल्या.

रेल्वेला एवढंच सांगणं आहे. मोटरमन कमी आहेत म्हणून एलआरच्या फेऱ्यांवर कात्री लावू नका, आणि ‘अजून एक फेरी द्या’ म्हणणाऱ्याला सहीची घाई करू नका.