बातम्या सांगणारी फुलराणी

एकांकिकेच्या ऑडिशन्स सुरू झाल्या की ठाण्याचं कॉलेज असो नाहीतर डोंबिवलीचं, एक तरी मुलगी 'ती फुलराणी'तल्या मंजुळेचं स्वगत घेऊन येतेच. मास्तरला अद्दल घडवायची स्वप्नं बघणारी ती फुलवाली! स्वगत तोंडपाठ असतं, पण ही मंजुळा रंगमंचावर पहिल्यांदा उभी केली कुणी, असं विचारलं की बऱ्याच जणी गप्प होतात.

भक्ती बर्वे यांनी. जन्म १९४८चा. सुधा करमरकरांच्या 'लिट्ल थिएटर'च्या बालनाट्यांतून त्यांची सुरुवात झाली. पुढे त्या आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर निवेदिका झाल्या. १९७२ साली मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि तिथे त्या मराठी बातम्या सांगू लागल्या. म्हणजे ज्यांचे उच्चार ऐकून लोकांनी आपले उच्चार सुधारावेत, असा आवाज.

आणि १९७५ मध्ये याच बाईंनी रंगमंचावर पाऊल टाकलं ते रांगडं, अघळपघळ बोलणारी फुलवाली म्हणून! शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून पु. ल. देशपांडे यांनी लिहिलेल्या या नाटकात भाषेचा प्रोफेसर पैज लावून तिला 'शुद्ध' बोलायला शिकवतो. प्रोफेसर होते सतीश दुभाषी. नाटकाचे हजारावर प्रयोग झाले.

ही भूमिका अवघड का? कारण एकाच मुलीचे दोन आवाज लागतात, आणि दोन्ही खरे वाटावे लागतात. रेडिओवर चेहरा नाही, हातवारे नाहीत. श्वास कुठे घ्यायचा, कुठे थांबायचं, एवढंच हाताशी. ती शिस्त विनोदात फार कामाला येते, कारण हशा बरेचदा त्या थांबण्यातच असतो.

आपल्यासाठी यात एक टोचणारी गोष्टही आहे. कल्याणहून सकाळची फास्ट पकडून मुंबईच्या कॉलेजात जाणाऱ्या कितीतरी जणांच्या आगरी, मालवणी नाहीतर खानदेशी हेलावर वर्ग एकदा तरी हसलेला असतो. आज अनेक रील्समध्ये तर हेल हाच जोक असतो. मंजुळेचं दुःख वेगळं आहे. भाषा बदलली, मग आता मी कुठली? हसता हसता हा प्रश्न प्रेक्षकाच्या घशाशी येतो.

भक्ती बर्वे मंजुळेवरच थांबल्या नाहीत. 'हँड्स अप'मध्ये धमाल, 'आई रिटायर होते'मधली आई, 'गांधी विरुद्ध गांधी'मधल्या कस्तुरबा. 'जाने भी दो यारो' (१९८३) मधली ती आतल्या गाठीची संपादिका शोभा सेन तर आम्हा पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांनी बघायलाच हवी. १९९० साली त्यांना संगीत नाटक अकादमी पुरस्कार मिळाला. १२ फेब्रुवारी २००१ रोजी वाईहून 'पु. ल., फुलराणी आणि मी'चा प्रयोग करून परतताना मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर अपघात झाला आणि त्या गेल्या. वय अवघं ५२.

फुलराणी मात्र थांबली नाही. पुढे अमृता सुभाष आणि आपल्या कळव्याची हेमांगी कवी यांनीही ती साकारली. पुढच्या ऑडिशनला मंजुळा करणार असाल, तर यूट्यूब जरा बाजूला ठेवा. पहाटे कल्याणच्या फुलबाजारात जा, बाजूला उभे राहा आणि नुसतं ऐका.