काम तसा कपडा

पेडणे-डिचोलीत काजू वेचताना जो कपडा सोयीचा, तो भातलावणीत अडचणीचा ठरतो.

काजूबागेत फिकट रंगाचा, लांब बाह्यांचा सैल सुती सदरा घालावा आणि लांब पँट मोज्यांत खोचावी. फिकट कापडावर बारीक गोचीड चटकन दिसते. शेजारच्या सत्तरीत २०१५ साली माकडताप पसरला, तो गोचिडीच्या चाव्याने होतो. घरी येताच कपडे गरम पाण्यात साबणाने धुऊन आंघोळ करावी.

लावणीत लांब पँट भिजून जड होते. तेथे आखूड कपडा बरा. मात्र पायाला जखम असल्यास चिखलात उतरू नये; उतरावेच लागल्यास गमबूट घालावेत. उंदराच्या मुतातले लेप्टोचे जंतू जखमेतून शिरतात.

ताप आल्यास आरोग्य केंद्र गाठावे व आपण कोठे काम केले, तेही डॉक्टरांना सांगावे.